राजुला बोट आणि विषाणूची किल्ली

सन १९५७ च्या मे महिन्याच्या १६ तारखेला सिंगापूरहून निघालेली 'राजुला' नावाची आगबोट मद्रासच्या बंदरात येऊन दाखल झाली. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही बोट १९२६ साली बांधलेली, म्हणजे वयाने तिशी ओलांडलेली. मद्रास, नागपट्टणम, पिनांग, सिंगापूर ही तिची नेहमीची वाट. वाटेतले नागपट्टणम हे नाव मराठी कानाला अगदीच परके नाही. तंजावरकर भोसल्यांच्या मुलखाला लागून असलेले हे जुने बंदर. असल्या बोटींवर डेकच्या उतारूंचा भरणा मोठा असे. मलायातील रबराच्या मळ्यांत राबणारे तमिळ मजूर, पिनांग-सिंगापूरकडचे लहान दुकानदार, गावी परतणारी बायकामुले अशी माणसे पथाऱ्या टाकून, एकमेकांच्या अंगाला अंग लावून, कित्येक दिवस समुद्रावर काढीत. त्या खेपेस ह्या गर्दीत काही माणसे तापाने फणफणलेली होती. भारतात त्या वर्षी आलेल्या इन्फ्लुएन्झाच्या साथीची हकीकत सुरू होते ती ह्या बोटीपासून.

येथे एक प्रश्न सहज मनात येतो. बोटीवर रोगी आहेत हे दिसत असता ती बंदराबाहेरच का थोपविली नाही? परंतु हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ साली जे आंतरराष्ट्रीय सॅनिटरी नियम संमत केले, त्यांत जहाजांना अटकाव करण्याजोगे रोग सहाच सांगितले होते : प्लेग, पटकी, पीतज्वर, देवी, टायफस आणि पुन:पुन्हा उलटणारा ज्वर. इन्फ्लुएन्झाचे नाव त्या यादीत नव्हते. बंदरावरील आरोग्याधिकाऱ्याला रोगी उतरवून घेता येत, त्यांना वेगळे ठेवता येई. पण निरोगी दिसणाऱ्या शेकडो उतारूंना केवळ संशयावरून अडकवून ठेवण्याचा आधार त्याला त्या नियमांत सापडला नसता. आणि हा आधार असता तरी त्याने काय साधले असते हीही शंकाच आहे. इन्फ्लुएन्झाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून एकदोन दिवसांत, फार तर चार दिवसांत, ताप चढतो. सिंगापूरपासून मद्रासपर्यंतच्या प्रवासात रोगाच्या दोनतीन पिढ्या बोटीवरच उलटून जाऊ शकत होत्या. धक्क्यावर उतरताना ज्याचे अंग थंड होते, तो दुसऱ्या दिवशी आगगाडीत तापाने पडला असेल. अशा रोगापुढे बंदराचे फाटक हे कुंपणाला लावलेल्या कडीसारखे असते.

बातमीही उशिराच आली होती. ह्या साथीचा उगम दक्षिण चीनमध्ये त्या वर्षाच्या आरंभी झाला असे पुढे ठरले. पण साम्यवादी चीन त्या काळी जागतिक आरोग्य संघटनेत सहभागी नव्हता आणि तेथील वार्ता बाहेर येण्यास वाट नव्हती. एप्रिलमध्ये हाँगकाँगमध्ये हजारो लोक आजारी पडले तेव्हा जगाला ती कळली. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सिंगापूर व्यापले गेले. त्या शहरात मिळालेला विषाणूचा एक नमुना पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत ह्या साथीचा प्रमाण-नमुना म्हणून वापरला गेला, आणि त्याच्या नावात सिंगापूर आणि ५७ हा आकडा कायमचे राहिले.

मद्रासला उतरलेला रोग काही आठवड्यांत देशभर पसरला. नीलगिरीच्या डोंगरात कुन्नूर येथील पाश्चर संस्थेत भारताचे इन्फ्लुएन्झा केंद्र होते. तेथील डॉ. आय. जी. के. मेनन ह्यांनी साथीचा समग्र वृत्तांत १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध केला. त्यानुसार मे १९५७ ते फेब्रुवारी १९५८ ह्या काळात भारतात नोंदलेले रोगी सुमारे ४४ लाख ५० हजार आणि मृत्यू सुमारे अकराशे. सरकारी नोंदींची ज्यांना सवय आहे त्यांना हे सांगावयास नको, की हा आकडा रोगाचा जितका आहे तितकाच नोंदवहीचाही आहे. खेड्यातला तापकरी माणूस चार दिवस घोंगडीखाली पडून उठला तर त्याची गणना कोण करणार? तरीसुद्धा एक गोष्ट ह्या आकड्यांवरून स्पष्ट होते : साथ अफाट पसरली, पण मारक त्या मानाने कमी होती. महाराष्ट्रातील वृद्ध माणसांना तेव्हाही १९१८ ची 'मानमोडी' आठवत होती. ती साथ मुंबईच्या गोदीतून शिरली होती आणि तिने हिंदुस्थानात सव्वा कोटी ते पावणेदोन कोटी माणसे नेली असे निरनिराळ्या अभ्यासकांचे अंदाज आहेत. त्या स्मृतीच्या छायेत मद्रासची बातमी वाचणाऱ्या माणसाच्या छातीत धस्स झाले असेल तर नवल नाही.

बोट आली, माणसे उतरली, साथ पसरली; एवढ्यावर इतिहास संपविता आला असता. पण हा विषाणू मुळात माणसाचा नव्हताच. त्याच्या कवचावरील जो भाग माणसाच्या घशातील पेशीला चिकटतो, तो भाग रानबदकांकडून आलेला होता. बदकाच्या आतड्यात सुखाने राहणारी वस्तू माणसाच्या घशात कशी रुजली, ह्याचे उत्तर राजुला बंदराला लागली त्या दिवशी पृथ्वीवर कोणापाशीच नव्हते. त्या उत्तराचे तुकडे मात्र तेव्हाही दोनतीन खंडांत विखुरलेले होते, आणि ते कसे एकत्र आले ही हकीकत बोटीच्या हकीकतीहून कमी चित्तवेधक नाही.

पहिला तुकडा एका अपघातात सापडला. १९४१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जॉर्ज हर्स्ट हे कोंबडीच्या उबवणीतील अंड्यांत इन्फ्लुएन्झाचा विषाणू वाढवीत होते. अंड्यातील द्रव काढून घेताना गर्भाची एखादी रक्तवाहिनी फाटली आणि रक्त त्या द्रवात मिसळले. पाहतात तो रक्तपेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या बनलेल्या! एकेक विषाणू दोन दोन पेशींना धरून त्यांना जोडीत होता. सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारा हा प्राणी (त्याला प्राणी म्हणावे की नाही हा वाद बाजूला ठेवू) आता काचेच्या नळीत नुसत्या डोळ्यांनी ओळखता येऊ लागला. हर्स्टना पुढच्याच वर्षी आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. नळी उबदार ठेवली तर काही तासांनी विषाणू पेशींना सोडून देतो. सोडलेल्या पेशींना ताजा विषाणू पुन्हा धरीत नाही. मोकळा झालेला विषाणू मात्र नव्या पेशींना पूर्ववत धरतो. म्हणजे पेशीच्या अंगावरची काहीतरी वस्तू विषाणू जाताना कापून टाकीत असला पाहिजे. ज्याला धरावयाचे तेच तोडावयाचे, असा हा विलक्षण व्यवहार होता.

दुसरा तुकडा आपल्या देशाला फार जवळचा आहे, कारण तो पटकीच्या जंतूने पुरविला. मेलबर्न येथे मॅकफर्लेन बर्नेट आणि त्यांचे सहकारी ह्यांना १९४६ च्या सुमारास असे आढळले, की पटकीचे जंतू ज्या द्रवात वाढविले तो गाळून घेऊन रक्तपेशींवर टाकला तर इन्फ्लुएन्झाचा विषाणू त्या पेशींना मुळीच धरू शकत नाही. इन्फ्लुएन्झा जे काम करतो तेच काम पटकीच्या जंतूचे एक एन्झाइम करीत होते. गंगेच्या मुखाशी शतकानुशतके ठाण मांडून बसलेल्या रोगाने श्वासनलिकेच्या रोगाचे कोडे उलगडण्यास हातभार लावावा, ह्यात शास्त्राच्या इतिहासाचा नेहमीचा खट्याळपणा दिसतो. त्याच प्रयोगशाळेत आल्फ्रेड गॉटशाल्क ह्या रसायनज्ञाने कापली जाणारी वस्तू कोणती ह्याचा माग घेतला. ती एक आम्लधर्मी शर्करा निघाली. स्वीडनमध्ये ब्लिक्स ह्यांना ती लाळग्रंथींच्या चिकट पदार्थात आधीच सापडली होती, जर्मनीत क्लेंक ह्यांना मेंदूत सापडली होती, आणि प्रत्येकाने तिला आपापले नाव दिले होते. ह्या तिघांनी मिळून तिचे 'सायॅलिक आम्ल' असे एकच कुलनाम ठरविले ते १९५७ सालीच. मद्रासला लोक त्या आम्लाला चिकटणाऱ्या विषाणूने आजारी पडत होते आणि दूर देशी त्याच आम्लाचे बारसे चालले होते. दोन्हींचा संबंध जोडणारा तारवाला मात्र कोणी नव्हता.

हे सायॅलिक आम्ल असते कोठे? आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करांच्या लहान साखळ्या लोंबत असतात. त्यांच्या अगदी टोकाच्या कडीच्या जागी पुष्कळदा हे आम्ल बसविलेले असते. विषाणूच्या अंगावर काट्यांसारखी शेकडो प्रथिने असतात, त्यांना हीमॅग्लुटिनिन म्हणतात. प्रत्येक काट्याच्या माथ्याजवळ एक उथळ खळगा असतो, आणि आम्लाचा रेणू त्या खळग्यात बसतो. एका खळग्याची पकड अगदी दुबळी असते. पण शंभर हातांनी धरलेले सहसा सुटत नाही. अशी पकड बसली की पेशी विषाणूला आत ओढून घेते. कापण्याचे काम दुसऱ्या काट्यांकडे, म्हणजे न्यूरामिनिडेज ह्या एन्झाइमकडे असते. घशातल्या शेंबडातही सायॅलिक आम्ल विपुल असल्यामुळे विषाणू तेथेच अडकून पडण्याचा संभव असतो. ही कात्री त्याला मोकळे करते, आणि नव्याने जन्मलेल्या विषाणूंना जुन्या पेशीपासून सोडविण्याचे कामही तीच करते. पकड फार घट्ट झाली तरी विषाणूचे नुकसान, कात्री फार तीक्ष्ण झाली तरी नुकसान. १९९९ पासून वापरात आलेले ऑसेल्टामिव्हिर हे औषध ह्या कात्रीची पातीच अडकवून ठेवते.

पक्षी आणि माणूस ह्यांतला भेद येथवर आलेला नाही. त्याची चाहूल बर्नेट ह्यांना १९४३ साली लागली होती, पण ती काय आहे हे ओळखण्याचे साधन हाती नव्हते. रोग्याच्या घशातून नुकताच काढलेला विषाणू अंड्याच्या आतल्या, गर्भाभोवतीच्या पिशवीत वाढे आणि गिनीपिगच्या रक्तपेशींना धरी. कोंबडीच्या रक्तपेशींशी त्याचे फारसे जमत नसे. तोच विषाणू अंड्यात काही पिढ्या वाढविला, की तो कोंबडीच्या पेशींनाही उत्तम धरू लागे. पन्नासहून अधिक वर्षांनी ह्याचा अर्थ लागला. माणसाचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात राहून कोंबडीच्या पेशींना सरावत होता. ह्यातून एक अडचणीची गोष्टही निघते : जुन्या साथींचे जे नमुने जगात जपून ठेवले आहेत ते बहुतेक अंड्यांतूनच गेलेले आहेत, तेव्हा त्यांची साक्ष घेताना त्यांच्या जबानीत अंड्याने काय मिसळले हे तपासून पाहावे लागते.

अर्थ लागला तो साखळीच्या टोकाकडे अधिक बारकाईने पाहिल्यावर. सायॅलिक आम्ल आपल्या शेजारच्या गॅलॅक्टोज ह्या शर्करेला दोन निरनिराळ्या जागी जोडलेले असू शकते, तिच्या तिसऱ्या कार्बनाला किंवा सहाव्या कार्बनाला. आम्ल तेच, शर्करा तीच, जोडणीची जागा तेवढी वेगळी. परंतु त्यामुळे टोकाचा आकार पालटतो : पहिल्या जोडणीने ते बरेचसे सरळ राहते, दुसरीने काठीच्या मुठीप्रमाणे वाकते. अमेरिकेत रॉजर्स आणि पॉलसन ह्यांनी १९८३ साली दाखवून दिले, की पक्ष्यांचे इन्फ्लुएन्झा विषाणू सरळ टोक पसंत करतात आणि माणसांचे विषाणू वाकडे. त्याच्या दोन वर्षे आधी विल्सन, स्केहेल आणि वायली ह्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने हीमॅग्लुटिनिनची संपूर्ण आकृती उभी केली होती, त्यामुळे तो खळगा प्रत्यक्ष पाहता येऊ लागला. बदकाच्या आतड्यात सरळ टोके दाटीने असतात. माणसाच्या नाकात, घशात आणि मोठ्या श्वासनलिकांत वाकड्या टोकांचे प्राबल्य असते. दोन जातींमधली भिंत म्हणतात ती निदान अर्धी तरी ह्या जोडणीची बनलेली आहे.

आता पुन्हा १९५७ च्या विषाणूकडे येऊ. इन्फ्लुएन्झाची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात. दोन जातींचे विषाणू एकाच पेशीत एकाच वेळी शिरले तर हे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात. जर्मनीतील शोल्टिसेक आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी दाखविले, की १९५७ च्या विषाणूने आठांपैकी पाच तुकडे १९१८ पासून माणसांत नांदत असलेल्या वंशाचे घेतले आणि तीन पक्ष्यांच्या विषाणूचे. हीमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज, म्हणजे किल्ली आणि कात्री, ह्या तिनांतच होत्या. म्हणून माणसांच्या रक्तातली जुनी प्रतिकारशक्ती त्याला ओळखू शकली नाही. परंतु नुसती नवी किल्ली मिळून भागले नसते, कारण ती बदकाच्या कुलपाची होती. खळग्याच्या कडेची दोन अमायनो आम्ले पालटली, आणि तीच किल्ली माणसाच्या घशाला लागू झाली. हीमॅग्लुटिनिनमध्ये साडेपाचशेच्या आसपास अमायनो आम्ले असतात. त्यांपैकी दोन! साथीच्या अगदी आरंभीच्या काही नमुन्यांत खळगा अजून पक्ष्याच्या धाटणीचा दिसतो, पुढच्या नमुन्यांत तो माणसाच्या धाटणीत स्थिरावतो. हा पालट कोणत्या गावी, कोणाच्या घशात झाला हे सांगता येणार नाही. बदकांनी आणि माणसांनी गजबजलेल्या दक्षिण चीनच्या पाणथळीत त्याची मुळे असावीत असा तर्क केला जातो. मद्रासला विषाणू उतरला तोपर्यंत तो पक्का माणसाळलेला होता, एवढे मात्र साथीच्या वेगावरून निश्चित म्हणता येते.

मद्रासच्या आसपास पाणपक्ष्यांची वाण कधीच नव्हती. शहराच्या दक्षिणेस वेडंतांगलचा तलाव आहे. तेथल्या पक्ष्यांना गावकरी कित्येक पिढ्या राखीत आले आहेत. उत्तरेस पुलिकतचे खाजण आहे, हिवाळ्यात उत्तरेकडची बदके तेथे उतरतात. असे असूनही १९५७ चा रोग मद्रासला ह्या पक्ष्यांनी दिला नाही, तो डेकवरच्या माणसांनी आणला. पक्ष्याचा विषाणू आणि माणसाळलेला विषाणू ह्यांच्या प्रवासाचे मार्ग असे वेगळे असतात. आणि हे ध्यानात न घेता पक्ष्यांवरच खापर फोडण्याची घाई अधूनमधून होत असते.

ह्याची उलट बाजू महाराष्ट्राने २००६ साली पाहिली. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या पटापट मरू लागल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेने १८ फेब्रुवारीला निदान सांगितले : बर्ड फ्लू, भारतातला पहिला. पांढऱ्या झग्यातली पथके आली, लाखो पक्षी मारून पुरले गेले, कर्ज काढून उभारलेली खुराडी एका आठवड्यात ओस पडली, आणि त्या तालुक्याचे नाव ज्यांनी कधी ऐकले नव्हते त्यांनीही कोंबडी खाणे सोडले. पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातही तीच पाळी आली. लोकांची भीती निराधार नव्हती. हाच वंश १९९७ साली हाँगकाँगमध्ये अठरा माणसांना झाला होता आणि त्यांतली सहा दगावली होती. परंतु नवापूरच्या माणसांच्या नमुन्यांची पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत तपासणी झाली तेव्हा एकातही तो विषाणू निघाला नाही. कोंबड्यांच्या विष्ठेत आणि पिसांत दिवसभर वावरणारी माणसे ती. तरी तो त्यांच्यात रुजला नव्हता.

योगायोग असा, की नवापूरच्या पाठोपाठ, २००६ च्या मार्च महिन्यात, ह्या प्रश्नाचे एक उत्तर जपानी आणि डच संशोधकांच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे छापले. माणसाच्या शरीरात सरळ टोके अजिबात नसतात असे नाही. ती फुप्फुसांच्या तळाशी, श्वासाची देवघेव होते त्या कोषांत असतात. पक्ष्याचा विषाणू नाका-घशातून घसरून तेवढ्या खोल पोहोचला तर तेथे त्याला दार उघडे सापडते आणि रोगी फार वाईट तऱ्हेने आजारी पडतो. पण तितक्या खोलातून खोकल्या-शिंकेवाटे तो बाहेर सहसा येत नाही, म्हणून शेजाऱ्याला लागत नाही. २००३ पासून जगात ह्या वंशाची बाधा नोंदलेली माणसे नऊशेंहून अधिक आहेत आणि त्यांतली जवळजवळ निम्मी मेली. तरी माणसातून माणसात चालत राहणारी साथ त्यातून उठलेली नाही. मारकपणा आणि पसरण्याची ताकद ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि १९५७ च्या विषाणूपाशी दुसरी होती. अमेरिकेतील गाईगुरांत २०२४ साली हा पक्ष्यांचा विषाणू शिरला, तेव्हा पॉलसन आणि विल्सन ह्याच जुन्या मंडळींच्या प्रयोगशाळांनी त्याचा खळगा तपासला. १९५७ च्या विषाणूला दोन बदल लागले होते; ह्याच्या हीमॅग्लुटिनिनची पसंती पालटण्यास एकच बदल पुरेसा ठरू शकतो असे त्यांना आढळले. साथ उठण्यास आणखीही पुष्कळ गोष्टी जमून याव्या लागतात हे खरे; पण कुलूप आणि किल्ली ह्यांतले अंतर अंगुळांनी मोजण्याजोगे आहे, कोसांनी नव्हे.

मद्रासला आलेला विषाणू माणसांत अकरा वर्षे राहिला. १९६८ साली हाँगकाँगहून दुसरा आला, त्याचेही हीमॅग्लुटिनिन पक्ष्यांकडून उसने घेतलेले होते. तोही त्याच वर्षी मद्रास राज्यात पोहोचला, आणि जुना वंश माणसांतून नाहीसा झाला. त्यानंतर जन्मलेल्या कोणाच्याही रक्तात त्याची ओळख नाही. बदकांत मात्र तशाच किल्लीचे विषाणू आजही सापडतात. माणसाळलेला तो जुना विषाणू आता केवळ प्रयोगशाळांच्या शीतपेट्यांत उरला आहे. २००५ च्या एप्रिल महिन्यात असे उघडकीस आले, की तपासणीच्या सरावासाठी पाठविलेल्या नमुन्यांच्या पेट्यांतून तो अठरा देशांतील हजारो प्रयोगशाळांत चुकून धाडला गेला आहे. एकच धावपळ उडाली. दोनतीन आठवड्यांत त्या कुप्या शोधून नष्ट करण्यात आल्या. त्यांच्यापासून कोणी आजारी पडल्याची नोंद नाही.